दिवेलागणीला लाल रंग जातो कुठे?

नारायणगावच्या आसपास टोमॅटोच्या एखाद्या शेताच्या बांधावर तिन्हीसांजेला जाऊन उभे राहा. बांबू, तार आणि सुतळीच्या आधाराने चढवलेली झाडं, खालच्या फांद्यांना पिकलेला माल, बांधावर क्रेटची थप्पी. सूर्य डोंगराआड जाण्याआधी दुरूनही डोळ्यांत भरतात ते टोमॅटोच. पाला नुसता पाठीमागचा पडदा. आता जागचे हलू नका. अर्धा तास थांबा आणि एकच टोमॅटो नजरेत धरून ठेवा.

उजेड उतरू लागतो तसा तो टोमॅटो आधी काळपट लाल पडतो, मग तपकिरी होतो, आणि बघता बघता काळा. डांबराच्या गोळीसारखा काळा! आणि पाला? तो अजून दिसतोय. उलट त्या काळ्या गोळ्यांच्या शेजारी तो उजळच वाटतोय, जरा राखाडी, पण उजळ. दिवसभर जो रंग सगळ्यांच्या पुढे होता तो सगळ्यांच्या आधी विझला.

टोमॅटो तर तोच आहे. साल तीच, रंगद्रव्यही तेच. मग बदललं काय? बदलला तुमचा डोळा.

यान पुर्किन्ये नावाच्या बोहेमियातल्या शरीरशास्त्रज्ञाला हेच कोडं पहाटेच्या वेळी पडलं होतं. झुंजुमुंजू असताना लाल फुलं काळी आणि निळी-हिरवी उजळ का दिसतात? १८२५ मध्ये त्याने हे लिहून ठेवलं, आणि आजही या प्रकाराला त्याचंच नाव आहे. उत्तर असं की आपल्या डोळ्यात एक नाही, दोन डोळे नांदतात. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. दिवसपाळीला शंकूपेशी असतात, साधारण साठ लाख. रंग ओळखणं, बारीक अक्षर वाचणं ही त्यांची कामं, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. रातपाळीला दंडपेशी असतात, आणि त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात जाते. त्यांना रंग कळत नाही, पण उजेडाचा कण न् कण टिपण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. १९४२ मध्ये हेश्ट, श्लेर आणि पिरेन या तिघांनी मोजून दाखवलं की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला 'काहीतरी चमकलं' असं वाटायला दंडपेशींनी टिपलेले प्रकाशाचे पाच-सात कण पुरतात. पाच-सात! बोटांवर मोजता येतील एवढे.

दोन्ही पाळ्यांची आवड मात्र वेगळी आहे. शंकूपेशी सगळ्यांत जास्त खूश होतात ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-हिरव्या उजेडाला, तर दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याला. आणि लाल? ६५० नॅनोमीटरच्या गडद लाल उजेडाला दंडपेशी देतात तो प्रतिसाद त्यांच्या कमाल प्रतिसादाच्या एक हजारांशही नसतो. रातपाळीच्या लेखी तो उजेड जवळजवळ नसतोच. पाळी बदलली आणि टोमॅटो काळा पडला, एवढीच ती गोष्ट.

आता हे कोडं शेतातून उचला आणि जमिनीखाली घेऊन चला.

जुन्नर-आंबेगावच्या पोटात कोळसा नाही. इथला कातळ लाव्हारसाचा. त्यात लेणी कोरली गेली, विहिरी खोदल्या गेल्या, पण खाणी पाहायच्या तर विदर्भात जावं लागतं. नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत कोळसा खाणी, भंडारा जिल्ह्यातली मॉइलची चिखला मँगनीज खाण. कोळशाच्या भूमिगत खाणीत बहुधा 'बोर्ड अँड पिलर' पद्धत असते. म्हणजे छत पेलायला कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे आणि त्यांच्या मधून गल्ल्या काढायच्या. कल्पना करा, एक गाव आहे, त्यातल्या सगळ्या गल्ल्या काटकोनात, सगळे चौक हुबेहूब सारखे, घरांना दारं नाहीत, दुकानांना पाट्या नाहीत, डोक्यावर आभाळ नाही. आणि काळोख असा की तळहात डोळ्यांपुढे धरला तरी कळत नाही. वर रात्री निदान चांदण्या असतात, लांबच्या गावाचा उजेड ढगांवर पडलेला असतो. खाली दिवा मालवला की उजेडाचा एक कणही नाही. पाच-सात कणांत भागवणाऱ्या दंडपेशीसुद्धा तिथे उपाशी.

अशा गावात आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?

बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, ही साधी गोष्ट माणसाला फार महागात शिकावी लागली. इंग्लंडच्या उत्तरेला हार्टली इथल्या कोळसा खाणीला एकच उभी विहीर होती. १६ जानेवारी १८६२ ला पंपाच्या इंजिनाची अवाढव्य बिडाची तुळई मोडली आणि तिचा तुकडा थेट त्या विहिरीत कोसळला. आत येण्या-जाण्याची एकुलती एक वाट बुजली. २०४ माणसं आणि पोरं गेली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की खाणीला दोन तोंडं हवीतच. आपल्याकडचे खाण-नियमही हाच आग्रह धरतात. पण वाटा दोन झाल्या की पुढचा प्रश्न उभा राहतो. त्या सारख्याच दिसणाऱ्या चौकांमधून माणसाला वाट दाखवायची कशी? खूण कोणत्या रंगाची करायची?

पटकन काय सुचतं? लाल! धोका म्हणजे लाल, गाडी थांबवायची म्हणजे लाल. आणि आपण आत्ताच पाहिलं की मंद उजेडात सगळ्यांत आधी विझतो तो लालच. कॅप लॅम्पची बॅटरी उतरत आली, उजेड पिवळट होऊन मिणमिणू लागला, की भिंतीवर रंगवलेला लाल बाण कोळशाच्या काळ्या भिंतीवरचा काळा बाण होतो.

मग हिरवा घ्यावा? हिरवा जास्त वेळ दिसत राहील, हे खरं. पण इथे एक गंमत आहे. अगदी मंद उजेडात तो दिसेल, हिरवा म्हणून मात्र दिसणार नाही. दंडपेशींना रंगच कळत नाहीत, त्यांना नुसता फिकट राखाडी ठिपका दिसणार. 'हिरव्या खुणांनी ताज्या हवेची वाट, लाल खुणांनी दुसरी वाट' असं कितीही घोकून घेतलं, तरी रंगातला निरोप वाटेतच गळून पडतो. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक भरदिवसाही नीट कळत नाही. म्हणून खुणेला नुसता रंग पुरत नाही, आकारही लागतो.

आणखी एक मौज. आपण ज्याच्याकडे रोखून बघतो त्याची प्रतिमा डोळ्यातल्या पडद्यावर ज्या ठिकाणी पडते, तिथे नेमक्या दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधारात थेट बघितलं की वस्तू गायब होते आणि जरा बाजूला बघितलं की परत येते! विश्वास बसत नसेल तर हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री कृत्तिकांचा पुंजका पाहा. रोखून पाहिलात तर मोजक्या चांदण्या, नजर किंचित बाजूला नेलीत की आणखी उजळतात. अंधारात वाट शोधणाऱ्या माणसाला त्याचाच डोळा असा चकवा देत असतो.

आता पुन्हा आपल्या भागात येऊ या, कारण पुढचं उत्तर इथल्या उसात बसलेलं आहे.

जुन्नर-आंबेगावात रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला बॅटरीचं महत्त्व सांगावं लागत नाही. उसाच्या कडेला उजेडाचा झोत फिरवताना मध्येच दोन हिरवट-पिवळे दिवे लागतात, आणि पोटात गोळा येतो. बिबट्या. अंग दिसत नाही, ठिपके दिसत नाहीत, दिसतात ते फक्त दोन डोळे, तेही एवढे तेजस्वी की आत बल्ब बसवल्यासारखे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रामुळे जुन्नरचं नाव बिबट्यांशी जोडलं गेलंय, पण इथल्या लोकांनी या डोळ्यांपायी काय सोसलंय ते त्यांनाच ठाऊक.

ते डोळे चमकतात कसे? बिबट्याच्या डोळ्यात पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो. पडद्यातून निसटलेला उजेड त्या थरावर आपटून परत फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. एकाच उजेडात दोनदा बघायचं! आपल्याला ही सोय नाही. आणि त्यातूनही जो उजेड उरतो तो डोळ्याच्या भिंगातून बाहेर पडताना जिकडून आला तिकडेच जातो. साध्या आरशासारखा भलतीकडे नाही, भिंतीसारखा चहूकडेही नाही. थेट परत, बॅटरीकडे. म्हणून बॅटरी कपाळाशी धरली तर ते डोळे जळजळीत दिसतात आणि कमरेशी धरली तर मंद. शेजारी बिनबॅटरीचा माणूस उभा असेल तर त्याला कदाचित काहीच दिसणार नाही.

रस्त्यावरचे, ट्रॉलीमागचे आणि खाणीतले रिफ्लेक्टर हेच करतात. पर्सी शॉ या इंग्रजाने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या काचेच्या खुणांचं पेटंट घेतलं आणि त्यांना नावच दिलं 'कॅट्स आय', मांजराचे डोळे. आजच्या चमकत्या पट्टीत काचेचे बारीक मणी नाहीतर इवलेसे त्रिकोणी कोपरे असतात, आलेला उजेड ते आल्या वाटेने परत धाडतात. आणि खाणकामगाराचा दिवा कुठे असतो? टोपीवर, डोळ्यांच्या वर चार बोटं! रिफ्लेक्टरसाठी याहून नेमकी जागा शोधून सापडणार नाही. शंभर पावलांवरची तळहाताएवढी पट्टी त्या माणसासाठी दिव्यासारखी पेटते, एक तार न ओढता, एक बॅटरी न जाळता.

इथेही रंगाची किंमत मोजावी लागते. लाल पट्टी लाल दिसते कारण ती बाकीचे रंग गिळून टाकते. रंग म्हणजे उजेडातून केलेली कपात. साध्या प्रतीच्या पांढऱ्या पट्टीच्या मानाने लाल पट्टी सुमारे एक-पंचमांश उजेड परत पाठवते, हिरवी त्याहून कमी आणि निळी तर अगदीच थोडा. म्हणजे सर्वांत लांबून दिसणारी पांढरी पट्टी मुकी, आणि बोलणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा आवाज बारीक. सुरक्षेचं काम करणाऱ्यांना या दोहोंच्या मधली वाट काढावी लागते: लांबून दिसायला पांढरं, जवळ आल्यावर सांगायला रंग आणि बाण.

हे सगळं हवा स्वच्छ असेल तर. धूर आला की?

पावसाळ्यात माळशेज घाट ज्यांनी ओलांडलाय त्यांना हे सांगायला नको. धुक्यात चालक घाईने अप्पर लावतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जेवढा उजेड जास्त, तेवढी भिंत जाड. खाणीतल्या धुरात कपाळावरचा दिवा नेमकं हेच करतो, आणि तोही डोळ्यांना अगदी खेटून.

धुराला स्वतःची रंगाची आवड असते. पेटलेली विडी नुसती बोटांत धरा, तिच्या टोकाचा धूर निळसर दिसतो. तोच धूर ओढून सोडला की पांढरट. का? टोकाच्या धुराचे कण अतिबारीक, ते निळा उजेड जास्त विखुरतात आणि लाल पुढे जाऊ देतात. फुप्फुसातला दमटपणा चिकटला की कण फुगतात आणि सगळ्या रंगांना सारखंच उधळतात. म्हणजे विरळ, बारीक धुरात लाल रंगाला जरा फायदा आहे! आणि मंद उजेडात त्यालाच सर्वांत मोठा तोटा. एकाच रंगाबद्दल दोन नियम दोन उलट गोष्टी सांगतात, आणि धूर काळाकुट्ट झाला की दोन्ही निकालात निघतात, कारण काजळी कुठलाच रंग सोडत नाही.

आता एक छोटं गणित. समजा, तुमच्या आणि खुणेच्या मध्ये असा धूर आहे की उजेडाचा दहावा हिस्साच पलीकडे पोचतो. खूण स्वतः प्रकाश देणारी असेल तर तुम्हाला तिचा दहावा हिस्सा दिसेल. रिफ्लेक्टर असेल तर? तुमच्या दिव्याचा दहावा हिस्सा तिथवर पोचणार, आणि परतीच्या वाटेत त्याचाही दहावाच उरणार. शंभरावा हिस्सा! धुराने दोनदा जकात घेतली. धूर दाट होत गेला की हे अंतर आणखी वाढत जातं. स्वच्छ हवेत बाजी मारणारा रिफ्लेक्टर धुरात म्हणूनच इतक्या झटकन हरतो.

मग वीज न लागता स्वतः उजळणारी खूण मिळेल का? त्यासाठी आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला चला, भर पावसाळ्यात, अमावस्येच्या आसपास. भीमाशंकरच्या या जंगलात जमिनीवर पडलेल्या कुजक्या काटक्या हिरवट उजळतात. बॅटरी विझवून डोळे अंधाराला सरावले की पायाखालचं रान हळूहळू पेटल्यासारखं दिसू लागतं. हे काम लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचं आहे. तिच्या पेशींत एक रसायन प्राणवायूशी संयोग पावतं आणि उष्णतेऐवजी थंड उजेड देतं. त्या उजेडाचा रंग साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटर. दंडपेशींची लाडकी संख्या आठवते? ५०७. किती जवळ! म्हणून इतका क्षीण उजेड आपल्याला दिसू तरी शकतो. हीच बुरशी लाल उजळत असती, तर आपण तिच्यावर पाय देऊन निघून गेलो असतो.

असल्या उजेडाचा माणसाने खूण म्हणून वापरही केलाय. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात डेव्हिड बुशनेलने 'टर्टल' नावाची एका माणसाची पाणबुडी बांधली. आत मेणबत्ती लावावी तर ती श्वासाचीच हवा खाणार. म्हणून त्याने होकायंत्रावर उजळणाऱ्या बुरशीचं लाकूड लावलं. १७७५ चा हिवाळा आला, थंडीने बुरशीचा उजेड गेला, आणि काम अडून बसलं.

बुरशीचं हे काम आता एक खनिज रसायन करतं, स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. १९९० च्या दशकात जपानमध्ये त्याचा चमकदार प्रकार तयार झाला. उजेड पिऊन घेतो आणि पुढे कित्येक तास हळूहळू सोडत राहतो. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाराचा रंगही ५२० नॅनोमीटरच्या आसपास, जणू आहुप्याची काटकीच दगडात उतरली. इमारतींतल्या बाहेर पडण्याच्या हिरव्या पाट्यांमध्ये तो पाहिला असेल. खाणीत त्याची अडचण एवढीच की त्याला आधी उजेड पाजावा लागतो, आणि आतल्या गल्ल्यांत तो पाजणार कोण? कायम दिवे असलेल्या जागी तो उपयोगी, खोल काळोखात उपाशी.

आणि समजा सगळंच हरलं. दिवा निकामी, पट्ट्या काजळल्या, नाकातोंडाला सेल्फ रेस्क्युअर हे श्वासाचं उपकरण लावलेलं, डोळे झोंबतायत. २ जानेवारी २००६ ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो खाणीत स्फोटानंतर कामगार बाहेर निघाले, पण धुराने त्यांना परत फिरवलं. आत पडद्याचा आडोसा करून ते वाट पाहत बसले. खाणीत अडकलेल्या तेरा जणांतला एकच वाचला. त्या वर्षीच्या कायद्याने तिथल्या कोळसा खाणींत एक दोरी सक्तीची केली, आगीला दाद न देणारी, थेट बाहेरपर्यंत ताणलेली.

ती दोरी मला या साऱ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर वस्तू वाटते. तिच्यावर जास्तीत जास्त शंभर फुटांवर एक, असे शंकू ओवलेले असतात. प्रत्येक शंकूचं निमुळतं टोक खाणीच्या आतल्या बाजूला. दोरीवर हात सरकवत तुम्ही बाहेरच्या दिशेने निघालात की हाताला आधी निमुळतं टोक लागतं आणि हात अलगद वरून घसरतो. चुकून आतल्या दिशेने निघालात तर हात शंकूच्या सपाट बुडावर आपटतो आणि अडतो. दोन शंकू एकामागोमाग लागले, तर पुढे फाटा आहे. शंकू बुडाला बूड लावून जोडलेले, दोन पतंगांसारखे हाताला लागले, तर तो फाटा जादा रेस्क्युअर ठेवलेल्या जागेकडे जातो. मळसूत्रासारखं वेटोळं लागलं, तर आसऱ्याच्या खोलीकडे. डोळ्यातल्या शंकूंनी आणि दंडांनी हात टेकले, तेव्हा दोरीवरच्या शंकूंनी वाट दाखवायची! ना रंग, ना उजेड, ना अक्षरओळख. सगळा नकाशा तळहातात.

म्हणून रिफ्लेक्टर फुकट गेले का? मुळीच नाही. धूर पसरायच्या आधीची पहिली काही मिनिटं त्यांचीच असतात. फक्त ते स्वच्छ असायला हवेत. कोळसा खाणीत स्फोट पसरू नये म्हणून कोळशाच्या धुळीवर चुनखडीची भुकटी मारतात. ती भुकटी माणसं वाचवते आणि तीच पट्टीवर बसून तिला आंधळी करते. काचेच्या मण्यांचं सारं कसब एका धुळीच्या थराखाली संपतं. म्हणून जबाबदार माणसाला फडकं घेऊन फिरावंच लागतं.

ते फडकं आपल्याकडेही हवं. गळीत हंगाम सुरू झाला की विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस निघतात. त्यांच्या मागे लावलेला लाल रिफ्लेक्टर आधीच पांढऱ्याच्या एक-पंचमांश उजेड देणारा, त्यावर शेताचा चिखल आणि उसाचं पाचट. रस्त्याच्या कडेला अशी उभी ट्रॉली दिसली आणि तिचा रिफ्लेक्टर माखलेला असला, तर चालकदादांना सांगा, नाहीतर खिशातल्या रुमालाने स्वतःच पुसून टाका. आणि आपल्या ट्रॉलीला मागच्या लाल पट्टीच्या जोडीला बाजूंना पिवळी पट्टीही लावून घ्या.